अर्थशास्त्र सोवळ्यात ठेवायचं असेल तर

अर्थशास्त्र घेतलंय ना? मग समाजशास्त्राच्या वर्गाकडे फिरकूसुद्धा नका. आपल्याकडे मागणी आहे, पुरवठा आहे, दोन रेषा जिथे छेदतात तिथे किंमत आहे. त्या आलेखावर भावकी कुठे काढणार?

सांगली जिल्ह्यात राहत असाल तर जरा जास्तच जपा. गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा-पलूसच्या शिवारात पाऊल टाकू नका. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, केंद्र सरकार साखर उताऱ्याच्या हिशेबानं ठरवतं. दर ठरला, पुस्तकापुरता विषय संपला. पण बांधावरच्या माणसाला घोर असतो तो तोडीचा. लागवड एकाच आठवड्यातली, वाण तोच, रानाला रान लागून. तरी एकाचा ऊस डिसेंबरात गाळून मोकळा आणि शेजाऱ्याच्या उसाला तुरा येऊन फेब्रुवारीतही वजन घटतंय. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय कुणाच्या नात्यातला, कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुठल्या पॅनेलबरोबर फिरत होतं, असलं काही विचारलंत की तुम्ही बाटलात! वहीत ‘असममित माहिती’ (एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही) असं लिहा आणि पान उलटा. ऊसतोडीच्या टोळीनं खुशाली मागितली, ऊस नेणाऱ्या ड्रायव्हरनं एंट्री मागितली, म्हणजे दोघांनी वरचे पैसे मागितले, तर त्याला ‘व्यवहार खर्च’ म्हणा. सगळं कसं स्वच्छ दिसतं.

मजुरांच्या बाबतीत तर फारच सांभाळा. पुस्तकात मजूर म्हणजे एकटा, सुटा माणूस. जास्त मजुरी दिसेल तिकडे जाणारा. बीडकडून आलेल्या टोळीत मोजतात ते कोयते, आणि कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर, हिशेब जोडीचा. बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) छाटते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात पडलेली असते, आणि ती फिटेपर्यंत ‘जास्त मजुरी दिसेल तिकडे’ जायचं कसं, हे पुस्तकाला विचारू नये. आलेखावर एका बिंदूत दोघं मावत नसतील तर बाईला वगळा. पद्धत जुनीच आहे.

विटा-आटपाडीकडे जाणं टाळलेलंच बरं. त्या दुष्काळी पट्ट्यातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात. परक्या शहरातला सराफ आपलं सोनं त्यांच्या हाती देतो ते कशाच्या भरवशावर? आधी एक जण तिथं टिकला, त्यानं पुतण्या नेला, पुतण्यानं मेव्हणा. एकानं दगा दिला तर पाठोपाठच्या सगळ्यांचं दुकान बसणार आणि गावाकडच्या सोयरिकीही मोडणार. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९८५ साली हेच मांडलं, की आर्थिक व्यवहार माणसांच्या संबंधांत रुतलेले असतात आणि विश्वास त्यातूनच उपजतो. वाचू नका, मन विचलित होतं.

परीक्षेत ‘पूर्ण स्पर्धेत खरेदीदार आणि विक्रेते एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं’ असं बिनधास्त ठोकून द्या. पेपर तपासणाऱ्या सरांचा ऊस ओळखीवाचून अजून रानात उभा असला, तरी गुण पूर्ण मिळतील.