माझ्या आजीच्या वाक्यात तुमची जाहिरात

काल सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये अंधेरी सुटल्यावर शेजारच्या मैत्रिणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा, तुमच्या आवडीचं. सुके बोंबील कसे पारखायचे त्याच्यावर आहे." मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात पोटात खड्डा पडला. लेख माझा होता. शब्द न् शब्द माझा. पान बातम्यांच्या एका मोठ्या पोर्टलचं, वर नाव कुठल्याशा 'लाइफस्टाइल डेस्क'चं.

दादर येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आता बोलते.

तो लेख मी तीन वर्षांपूर्वी लिहिला. नोकरी सांभाळून, हिवाळ्यातले तीन रविवार वेसाव्याच्या कोळीवाड्यात घालवून. वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायचा मांडव, कशी उभारतात, बांबूंवर दोर कसे ताणतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर कशी टाकतात, आभाळ भरून आलं की बायकांची कशी तारांबळ उडते, हे सगळं तिथे उभं राहून बघितलं, विचारलं, चुकलं ते पुन्हा जाऊन दुरुस्त केलं. एका मावशींनी मला शेजारी बसवून नीट सुकलेला बोंबील आणि ओल राहिलेला बोंबील एकेका हातात दिला आणि डोळे मिटून फरक ओळखायला लावला. लेखात त्यांचं नाव होतं. त्या कुठे विकायला बसतात तेही होतं, त्यांना विचारूनच लिहिलं होतं. आणि शेवटी माझ्या आजीबद्दल एक वाक्य होतं. गिरगावातल्या चाळीत पावसाळ्याची बेगमी चालायची तेव्हाचं. 'माझी आजी बोंबील दुमडून बघायची. कट्‌कन मोडला तर डब्यात, वाकला तर परत उन्हात.'

चोरलेल्या लेखात मावशींचं नाव नाही. माझंही नाव नाही. आणि ते वाक्य आता असं आहे : 'आपली आजी सुके बोंबील ऑनलाइन मुंबई दुमडून बघायची.'

मधले चार शब्द निळे आहेत. त्यांच्यावर बोट ठेवलं की मासे घरपोच देणाऱ्या एका दुकानाचं पान उघडतं.

हे वाक्य मराठीत कोणी बोलतं का? कोणाच्या घरातली आजी 'सुके बोंबील ऑनलाइन मुंबई' दुमडून बघते? वाक्याची हाडं मोडून ठेवली तरी चालेल, पण ते चार शब्द त्याच क्रमाने आत घुसवायचेच होते. कारण ते चार शब्द विकले गेलेले आहेत. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे समजल्याशिवाय माझा संताप समजणार नाही.

लिंक ज्या शब्दांवर बसवलेली असते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधून गुगलबद्दलचा शोधनिबंध मांडला, तेव्हापासून या शब्दांना वजन आहे. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली, आणि साक्ष देणाऱ्याची स्वतःची पत जेवढी मोठी तेवढी ती साक्ष जड, हा पेजरँक या त्यांच्या पानं तोलायच्या पद्धतीचा गाभा. शिवाय लिंकवरचे शब्द हे ज्या पानाकडे ती लिंक नेते त्या पानाचं वर्णन म्हणून धरायचे, कारण एखादं पान स्वतःबद्दल जे सांगतं त्याहून दुसरे त्याच्याबद्दल जे म्हणतात ते पुष्कळदा जास्त नेमकं असतं. त्या वेळच्या २ कोटी ४० लाख पानांवरून त्यांनी २५ कोटी ९० लाखांहून जास्त अशा लिंकशब्दांची नोंद केली होती. कल्पना आपल्या रोजच्या शहाणपणातलीच आहे. चांगला शिंपी कोण हे आपण शिंप्याला विचारत नाही, शेजारणीला विचारतो.

मग साक्षीला किंमत आली आणि खोटे साक्षीदार भाड्याने मिळायला लागले. २००३ च्या सुमारास 'मिझरेबल फेल्युअर', म्हणजे दारुण अपयश, असं शोधलं की जॉर्ज बुश यांचं व्हाइट हाउसच्या साइटवरचं चरित्र पहिलं यायला लागलं. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. बाहेरच्या लोकांनी ठरवून त्या शब्दांवर लिंका दिल्या होत्या. यावर इलाज व्हायला जानेवारी २००७ उजाडलं. एप्रिल २०१२ मध्ये गुगलच्या शोधात पेंग्विन नावाचा मोठा बदल आला आणि विकत घेतलेल्या, एकाच छापाच्या शब्दांच्या लिंकांवर जगलेल्या कितीतरी साइट एका रात्रीत खाली गेल्या. आज गुगलचा नियम अगदी स्वच्छ आहे. पैसे घेऊन लिंक देत असाल तर तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण लावा, म्हणजे शोधयंत्र तिला साक्ष समजणार नाही. मी त्या पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून बघितला. आजीच्या वाक्यातल्या लिंकवर एकही खूण नाही. म्हणजे नुसता माझा लेख चोरला नाही, माझ्या आजीला पैसे घेऊन खोट्या साक्षीला उभं केलं.

माझ्या आजीला! जिने उधारीवर मासळी घेतली नाही आयुष्यात.

घरी येऊन गुगलवर 'सुके बोंबील कसे ओळखायचे' टाकलं. पहिलं ते पोर्टल. खाली त्या पोर्टलवरून लेख उचललेल्या आणखी दोन साइट. मग व्हिडिओ. मग पाककृती. मी दुसऱ्या पानावर, अगदी तळाला. माझाच लेख शोधताना मला माझ्या चोराच्या चोरांना ओलांडून जावं लागलं.

असं का होतं? माझ्याकडे जगभरातून मिळून चार लिंका आहेत. एका शिक्षिकेने तिच्या पानावर लिहिलं आहे 'वलांडीबद्दल सविस्तर इथे', ती मला सगळ्यांत प्रिय. त्या पोर्टलकडे वर्षानुवर्षं जमलेल्या लाखो. त्यावर नवं पान आलं की शोधयंत्राचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, काही मिनिटांत टपकतो, माझ्याकडे तो कधीतरी सवडीने येतो. दोन सारखे मजकूर दिसले की त्यातला मूळ कोणता हे यंत्राने कशावरून ओळखायचं? कोणी कोणाचं नाव घेतलं आहे, कोण कोणाकडे बोट दाखवतं आहे, यावरून थोडंफार कळू शकतं. ते बोटच यांनी छाटून टाकलं. लेख घेतलाच होता, तर खाली एक ओळ लिहायची : 'मूळ लेख, वेसाव्यातील बोंबील सुकवण्याची पद्धत', आणि त्यावर लिंक. दहा सेकंदांचं काम. खरं तर परवानगीने घेतलेल्या मजकुरालाही घेणाऱ्याने आपल्याकडे 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका', अशी खूण लावावी, म्हणजे मूळ पानाच्या आड ते येणार नाही, असं गुगल सांगतं. इथे तर परवानगीचाच पत्ता नाही.

मला माहीत आहे आता कोणीतरी म्हणणार, लिंकांचं पूर्वीसारखं राहिलं नाही, आता शंभर गोष्टी बघतात. बघत असतील. मग लिंका विकायची दुकानं अजून का चालतात? आठवड्यातून दोनदा मला फोन येतो. "मॅडम, तुमचा डीए फार कमी आहे, हजार बॅकलिंक देतो तीन हजारात." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक, आणि डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटची पत सांगणारा आकडा. तो आकडा मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीने काढलेला आहे, गुगल तो वापरत नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी पलीकडचा मुलगा तेच पुन्हा वाचून दाखवतो. त्या हजार लिंका कुठल्या? बंद पडलेल्या साइट विकत घेऊन त्यात भरलेला कचरा. कोणाची तरी जुनी शाळेची साइट, मुदत संपलेला पत्ता उचललेला, आणि आत जुगाराच्या आणि औषधांच्या लिंका. मागे ओळखीतल्या एका फुलवाल्याने यांच्या नादी लागून पैसे घातले. 'दादर हार ऑर्डर' एवढ्याच तीन शब्दांच्या शेकडो लिंका त्याच्या नावावर चढवल्या. सहा महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांना गुगलचे निरोप येतात तिथे, मॅन्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे शिक्षेची, नोटीस आली आणि तो शोधातून पार खाली गेला. विकणाऱ्याचा फोन तेव्हा लागत नव्हता. त्या माणसाने रात्र रात्र बसून एकेक लिंक शोधून डिसअव्हाउच्या, म्हणजे 'या लिंका माझ्या नावावर धरू नका' असं गुगलला सांगायच्या, यादीत टाकली. पहाटे तीनला बाजारात उभा राहणारा माणूस तो.

तर मी पोर्टलला ईमेल केला. सभ्य भाषेत, तारखा आणि दोन्ही पानांचे पत्ते देऊन. मागणी एकच, आजीचं वाक्य नीट करा, नावं परत घाला आणि मूळ लेखाची लिंक द्या. दुपारी उत्तर आलं. संपादकाकडून नाही, मार्केटिंगकडून. 'आमच्या धोरणानुसार बाहेरील संकेतस्थळांना लिंक दिली जात नाही. लिंक हवी असल्यास सोबत दरपत्रक जोडले आहे.' डू-फॉलो, म्हणजे ती खूण नसलेली, लिंक आठ हजार रुपये. तुमच्या पसंतीचे अँकर टेक्स्ट, दोन हजार जास्त.

माझ्याच लेखात माझं नाव यावं म्हणून दहा हजार रुपये. हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. कोणावर ओरडणार?

'बाहेर लिंक देत नाही' हे धोरण काही त्या एकाच पोर्टलचं नाही. मराठी बातम्यांची पानं उघडा. मजकुरात दहा लिंका, दहाच्या दहा आपल्याच घरातल्या, 'हेही वाचा', 'हेही वाचा', मध्येच भविष्य आणि नटीचे फोटो. शासन निर्णयावर बातमी लिहितात आणि शासन निर्णयाची लिंक देत नाहीत. निकालाची बातमी देतात आणि निकाल वाचायला देत नाहीत. 'एका संकेतस्थळाने दिलेल्या माहितीनुसार' म्हणे. त्या संकेतस्थळाला नाव नाही? आणि फोटोखाली 'सौजन्य : इंटरनेट', 'सौजन्य : गुगल'. इंटरनेट कॅमेरा घेऊन वेसाव्याच्या किनाऱ्यावर आलं होतं का? तो फोटो काढायला कोणीतरी पहाटेच्या गारठ्यात चिखलात उभं राहिलेलं असतं.

आणि लिंक दिलीच कोणी, तर ती 'येथे क्लिक करा' या तीन शब्दांवर. एका सरकारी पानावर मी मोजले, अकरा वेळा 'येथे क्लिक करा'. यातून शोधयंत्राला काय कळणार, अर्जाचं पान कुठलं आणि शुल्काचं कुठलं? इंग्रजीत 'क्लिक हिअर' शोधलं की कित्येक वर्षं अ‍ॅडोबी रीडरचं पान पहिलं यायचं, कारण जगभरच्या लोकांनी याच दोन शब्दांवर त्याची लिंक दिली होती. माझे मामा दृष्टिहीन आहेत, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, पानातल्या लिंकांची यादी ऐकून वाट काढतात. त्यांना यादी अशी ऐकू येते : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. अकरा वेळा. अर्जाची मुदत त्या दिवशी संपत होती. 'ज्येष्ठ नागरिक सवलतीचा अर्ज' एवढं लिहायला काय जातं कोणाचं?

आपण वाचणारेही कमी नाही. माझा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तेव्हा मला तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून परत आला, खाली 'लेखक अज्ञात', एकीकडे 'साभार, कॉपी पेस्ट'. लोकांनी हात जोडले, अंगठे दिले, 'अप्रतिम' लिहिलं. हे सगळं कौतुक बंद खोलीत. तिथे शोधयंत्राचा बॉट पोचत नाही, त्यामुळे त्या हजारो अंगठ्यांची उघड्या वेबवर एकही लिंक होत नाही. ज्या भाषेत अभंगाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत होती, म्हणून कागद नसतानाही शतकं लोटली तरी नाव ओळीला चिकटून राहिलं, त्या भाषेत आपण नाव खरडून काढून मजकूर पुढे ढकलतो. चार बोटांनी निवडून, नाव तेवढं वगळून कॉपी करतात लोक. जास्त मेहनत आहे त्यात!

काल रात्री साडेबारापर्यंत मी मजकूर हटवण्याच्या विनंतीचे फॉर्म भरत बसले. प्रत्येक चोरलेल्या पानाचा पत्ता वेगळा द्यायचा, मूळ पान कुठलं ते सांगायचं, माझं खरं नाव द्यायचं. ज्याने चोरलं तो बिननावाचा डेस्क, आणि नाव, पत्ता, सही माझी. तीन पानं झाली. सकाळी बघते तर चौथं आलं होतं. त्यात तीच आजी, तोच मोडका शब्दक्रम, निळी लिंक फक्त दुसऱ्या दुकानाची.

मावशींकडे पूर्वी महिन्यातून आठ-दहा गिऱ्हाइकं लेख वाचून यायची. मोबाइल दाखवून विचारायची, "तुम्हीच का त्या?" त्या मला फोन करून सांगायच्या, "बाय, आज ठाण्यावरनं आली होती एक." गेल्या पावसाळ्यापासून एकही फोन नाही. लोक अजून वाचतात तेच, पण वाचून त्या निळ्या चार शब्दांवर जातात.

रविवारी मला वेसाव्याला जायचं आहे. मावशी विचारतीलच, "हल्ली तुझं वाचून कोणी येत नाही गं, तू लिहायचं सोडलंस काय?" त्यांना मी काय सांगू?