गोळीआधी एमसीव्ही बघा
लेखात 'हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की लोहाच्या गोळ्या सुरू करा' असं सरसकट म्हटलंय, तिथे अडखळलो. मी नाशिकरोडला लॅबमध्ये काम करतो, रोज ढिगाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासण्या, हाताखालून जातात. १२ हा आकडा बायकांचा. पुरुषांना १३, गरोदर बाईला ११. आणि खरी गंमत पुढच्या ओळीत असते, ती कुणी वाचतच नाही. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार! ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, १०० च्या वर म्हणजे मोठ्या. मोठ्या दिसल्या की आधी बी-१२ आणि फोलेट बघायचं.

मध्यंतरी सिडकोतल्या एक ताई आल्या. दोन वर्षं गोळ्या चालू, हिमोग्लोबिन ११.२ वर ठाण मांडून बसलेलं. एमसीव्ही ६४, पण लाल पेशी तब्बल ५६ लाख. लोह कमी असतं तर पेशींची संख्याही सहसा घटली असती. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागायचं: ६४ भागिले ५.६ केलं तर साडेअकराच्या आत. हा भागाकार १३ च्या खाली आला की आम्ही थॅलेसेमियाच्या शंकेने कान टवकारतो. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ठणठणीत; एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) ए-टू हा प्रकार वाढलेला, ५.४ टक्के. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक! दोन वर्षं गोळ्यांनी पोट बिघडवून घेतलं बिचारीने, ते वेगळंच. मुलीचं लग्न ठरत होतं, म्हणून तिलाही तपासून घ्या म्हटलं. नवराबायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे या आजाराच्या गंभीर रूपाचं, असण्याची शक्यता २५ टक्के.

पेशंट सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडचा असेल तर सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची चाचणीही करून घ्यावी. लेखात त्याचा उल्लेखच नाही.