झहीर आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा, तरी महाराष्ट्राकडून एकही रणजी मॅच नाही

झहीर खानचं, म्हणजे भारताच्या त्या लेफ्ट आर्म फास्ट बॉलरचं नाव निघालं की अजूनही निम्मे लोक २००३ च्या वर्ल्ड कप फायनलची पहिली ओव्हर काढतात. जोहान्सबर्ग, समोर ऑस्ट्रेलियाचे गिलख्रिस्ट आणि हेडन, नो बॉल, वाइड आणि एका ओव्हरमध्ये १५ रन. हो, गेले. त्या दिवशी ७ ओव्हरमध्ये ६७ गेले आणि विकेट एकही नाही. पण त्याच वर्ल्ड कपमध्ये त्याने १८ विकेट काढल्या होत्या, तेव्हा पोरगं २४ वर्षांचं होतं, आणि बरोबर ८ वर्षांनी वानखेडेवर दुसऱ्या फायनलमध्ये त्याच माणसाने नवीन बॉल हातात घेऊन पहिल्या तीन ओव्हर मेडन, म्हणजे एकही रन न देता टाकल्या हे सांगताना कुणाला घाई नसते. माझा राग इथून सुरू होतो. आपल्याकडे बॅट्समनचं एक शतक पन्नास वर्षं पुरतं आणि बॉलरची एक खराब ओव्हर पण पन्नास वर्षं पुरते.

आता आपल्या नाशिककरांसाठी मुद्दा. शिर्डीपर्यंत तर आपण दर दोन महिन्याला जातो, त्याच्या थोडं पुढे गेलं की श्रीरामपूर, झहीरचं गाव. ऊस, कारखाने, प्रवरेचं पाणी, आणि गावाचं रेल्वे स्टेशन बेलापूर नावाचं. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. घरात क्रिकेटचा वारसा वगैरे काही नाही. अभ्यासात पोरगा चांगला, इंजिनिअरिंगची लाइन समोर उघडी होती, आणि वडिलांनी त्याला सांगितलं की इंजिनिअर खूप आहेत, तू फास्ट बॉलर हो. नव्वदच्या दशकात, तालुक्याच्या गावात, एका मध्यमवर्गीय बापाने हे बोलावं! आज नाशिकमध्ये अकॅडमीची फी भरायची ऐपत असलेला बापसुद्धा दहावी आली की पोराचं किट माळ्यावर टाकतो, त्याला नावं ठेवत नाही मी, भीती असते माणसाला. पण म्हणूनच त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

मग झहीर मुंबईला गेला, साधारण सतरा वर्षांचा असताना. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक सरांच्या हाताखाली आला. नाईक सर स्वतः टेस्ट खेळलेले, मुंबईचे रणजी कॅप्टन, नंतर वानखेडेची पिच बघायचे, २०२३ ला गेले. त्यांच्यासारखा माणूस भेटला नसता तर पुढचं काही झालं असतं असं मला वाटत नाही. तिथून फास्ट बॉलर घडवणारी चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथे टी. ए. शेखर आणि डेनिस लिली. मुंबईच्या टीममध्ये जागा मिळेना म्हणून मग बडोदा. आणि बडोद्याकडून २०००-०१ ची रणजी फायनल, समोर रेल्वे, दुसऱ्या इनिंगमध्ये पाच विकेट काढून मॅच फिरवली आणि बडोदा चॅम्पियन.

श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा. ह्यात पुणे कुठे आहे? नगर जिल्हा क्रिकेटच्या हिशोबात महाराष्ट्राच्या टीमखाली येतो, आपल्या नाशिकसारखाच; ह्या टीमचा कारभार पुण्यातून चालतो आणि मुंबईची रणजी टीम वेगळी. भारताचा कपिलनंतरचा सगळ्यात मोठा फास्ट बॉलर ह्या जिल्ह्यात वाढला आणि महाराष्ट्राकडून रणजीची एक मॅच खेळला नाही, आधी बडोदा, नंतर मुंबई. ह्यात कुणा एका माणसाची चूक नाही, पोरगा लहान वयातच मुंबईला गेला होता. पण प्रश्न हा आहे की त्याला जावंच का लागलं. तालुक्यातल्या पोराला लेदर बॉल, टर्फ विकेट (मातीचं खरं पिच) आणि मनगट बघून सांगणारा एक कोच ह्या तीन गोष्टी शंभर किलोमीटरच्या आत मिळत नव्हत्या. आणि महाराष्ट्राला फास्ट बॉलरची किंमत माहीत नव्हती असं पण नाही, पांडुरंग साळगावकर नावाचं वादळ सत्तरच्या दशकात ह्याच टीमकडून खेळलं होतं आणि त्या माणसाला एक टेस्ट मिळाली नाही, जुने लोक अजून हळहळतात.

असो. ३ ऑक्टोबर २००० ला नैरोबीत पहिली वनडे, केनियाविरुद्ध. चार दिवसांनी ऑस्ट्रेलिया. ७ ऑक्टोबर, त्याचा बावीसावा वाढदिवस. स्टीव्ह वॉला टाकलेला तो यॉर्कर ज्यांनी लाइव्ह बघितला त्यांना वेगळं सांगायला नको, आपल्या बॉलरने ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टनच्या बुंध्यात बॉल घालून स्टंप उडवायचे हे बघायची आपल्याला सवयच नव्हती तेव्हा. युवराजने त्याच मॅचमध्ये ८४ मारले. त्या एका आठवड्यात आपली टीम बदलतेय हे दिसत होतं.

पण खरं सांगायचं तर त्या यॉर्करवाल्या झहीरपेक्षा मला नंतरचा झहीर जास्त मोठा वाटतो, आणि पोस्ट लिहायचं कारण तेच आहे.

२००३ च्या शेवटी ब्रिस्बेनला त्याने पहिल्या इनिंगमध्ये ५ विकेट घेतल्या आणि मग हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू गेला. तिथून दोन वर्षं नुसती ये-जा. फिट नाही, वजन वाढलं, स्पीड कमी झाला, असं सगळं बोललं गेलं. मध्ये ढाक्याला अकराव्या नंबरवर जाऊन ७५ मारले, अकराव्या नंबरचा तेव्हाचा टेस्टमधला रेकॉर्ड, समोर सचिन २४८ नाबाद, तो भाग वेगळाच. पण बॉलिंगमध्ये मागून इरफान आला, आर. पी. सिंग आला, म्हणजे लेफ्ट आर्मच दोन आले, श्रीशांत आणि मुनाफ पण आले. बोर्डाच्या करारात त्याला खालच्या ग्रेडमध्ये टाकलं. २००६ मध्ये तो टीमच्या बाहेर होता. सत्तावीस वर्षांचा फास्ट बॉलर, शरीर कुरकुरतंय, जागा गेलेली. शंभरातले नव्वद इथेच संपतात.

तो गेला वूस्टरशायरला. इंग्लंडमध्ये, सेकंड डिव्हिजन, कॅमेरे नाहीत, आपल्या पेपरात दोन ओळीची बातमी. काउंटी म्हणजे काय तर चार दिवस मॅच, मग गाडीत बसून दुसऱ्या गावाला, परत चार दिवस, थंडीत, आणि ओव्हरसीज प्लेअर म्हणजे क्लबने पैसे मोजलेत, दमलो म्हणायची सोय नाही. त्या सीझनला त्याने ७८ विकेट काढल्या. पहिल्याच मॅचला सॉमरसेटविरुद्ध १० विकेट. एसेक्सविरुद्ध एका इनिंगमध्ये पहिल्या नऊच्या नऊ ह्याच्या, दहावी पण आली असती, विकेटकीपरने कॅच सोडला. तिथले लोक त्याला झिपी झॅकी म्हणायला लागले. टीम वर गेली.

विकेटपेक्षा मोठं म्हणजे तिथे तो स्वतःची बॉलिंग परत पहिल्यापासून शिकला. रनअप छोटा केला. आधी तो लांबून धावत येऊन ती मोठी उडी घ्यायचा, दिसायला लय भारी, पण दिवसाला वीस ओव्हर टाकायच्या तर शरीर मोडतं. रनअप कापला, तोल आला, मनगट सरळ राहायला लागलं, सीम, म्हणजे बॉलची शिवण, उभी पडायला लागली. ताशी १४० किलोमीटरचा हट्ट सोडून १३०-१३५ मध्ये बॉल कुठे आणि कसा हलवायचा ह्यावर आला. एवढ्या वर्षांचं घोटलेलं मोडून परत बांधायला जे धाडस लागतं ते १५० चा बॉल टाकायला लागत नाही.

त्याचं फळ बघायचं असेल तर जुलै २००७ ची ट्रेंट ब्रिजची टेस्ट यूट्यूबवर काढा, हायलाइट्स नको, मोठा व्हिडिओ शोधा. लोकांना त्या मॅचचं जेली बीन्स प्रकरण माहितीये, झहीर बॅटिंगला आला तेव्हा क्रीजवर इंग्लंडच्या पोरांनी गोळ्या टाकून ठेवल्या होत्या, हा भडकला, पीटरसनकडे बॅट रोखली, मग दुसऱ्या इनिंगमध्ये ५ विकेट. पेपरवाल्यांनी रागाची स्टोरी केली. पण पहिल्या इनिंगला गोळ्या कुठे होत्या? तेव्हा पण ४ काढल्याच होत्या की. बॉलिंग बघा नीट. स्ट्रॉस आणि कुक दोघं डावरे, ह्याने राउंड द विकेट येऊन त्यांना असं अडकवलं की सोडावं का खेळावं हेच कळेना, बॉल हातातून सुटताना एकसारखा आणि टप्पा पडल्यावर एकदा आत, एकदा बाहेर. दुसऱ्या इनिंगला वॉन शतक मारून सेट झालेला, १२४ वर मांडीला लागून बॉल स्टंपवर गेला, पाठोपाठ बेल शून्यावर पायचीत. मॅच तिथेच फिरली. ५ फॉर ७५, मॅचमध्ये ९, आणि १९८६ नंतर पहिल्यांदा आपण इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज जिंकलो. सिरीजमध्ये १८ विकेट. पुढच्या वर्षी विस्डेन ह्या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकाच्या पाच क्रिकेटर्समध्ये नाव.

जुन्या बॉलचं तर काय सांगू. जुना बॉल उलटा वळतो त्या रिव्हर्स स्विंगमध्ये बॉल चमकत्या बाजूकडे वळतो, म्हणजे बॅट्समनला बॉलरच्या हातातली चमक दिसली की अर्धा पेपर फुटला. झहीर काय करायचा, पळत येताना दुसऱ्या हाताने बॉल झाकायचा, आणि बॅट्समनला कळेपर्यंत बॉल पायावर. जेम्स अँडरसनने, ज्याच्या टेस्टमध्ये ७०० च्या वर विकेट आहेत त्याने, हे झाकणं आपण झहीरचं बघून शिकलो असं सांगितलंय. इंग्लंडचा सगळ्यात मोठा बॉलर श्रीरामपूरच्या पोराचं बघून शिकतो, ह्याच्यावर आपल्याकडे कुणी बॅनर लावला का कधी?

आणि नकल बॉल. बोटं दुमडून बॉल पेरांच्या आधाराने धरायचा, सीम उभी, हात फुल स्पीडने येतो, पण बोटांनी मागून फिरकी दिलेलीच नसते म्हणून बॉल येतो संथ आणि मध्येच बुडतो. ऑफ कटरसारखं मनगट फिरत नाही, म्हणून बॅट्समनला काही कळत नाही. हे त्याने नेट्समध्ये घोटून घोटून ठेवलं आणि २०११ च्या वर्ल्ड कपला बाहेर काढलं. चेन्नईत वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ वर सुखात खेळत होता, बोल्ड. अहमदाबादला क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचा माइक हसी, आयुष्यभर फिनिशर म्हणून गाजलेला माणूस, ३ वर बोल्ड. बंगलोरच्या टाय मॅचमध्ये इंग्लंड २ बाद २८१ होतं, मॅच गेल्यात जमा, ह्याने लागोपाठच्या दोन बॉलवर बेल आणि स्ट्रॉस उचलले, मग कॉलिंगवूड. ती मॅच आपण हरलो नाही ती ह्याच्यामुळे. स्पर्धेत २१ विकेट, आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. फायनलला पहिल्या स्पेलमध्ये ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. शेवटी शेवटी मार खाल्ला, १० ओव्हरमध्ये ६० झाले, ते पण लिहितो. धोनी त्याला बॉलिंगमधला सचिन म्हणायचा आणि तो उगाच कुणाचं कौतुक करणारा माणूस नाही.

तो नसला की काय व्हायचं तेही बघा. २०११ लॉर्ड्स, पहिल्या दिवशी १३.३ ओव्हर टाकून हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला, आणि ती सिरीज आपण ४-० हरलो.

हे सगळं आत्ता का लिहितोय, तर नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी नेट्सच्या बाजूने फिरताना जे दिसतं त्याच्यामुळे. तेरा-चौदा वर्षांची पोरं, अंगात ताकद अजून यायचीये, आणि जाळीच्या मागे बाप मोबाइल धरून उभा, ॲपमध्ये स्पीड बघतोय. आज ११० आला, काल ११२ होता. पोरगा पण बॉल टाकून पिचकडे न बघता बापाकडे बघतो. एकदा एका लेफ्ट आर्म पोराचा बॉल काय सुंदर आत आला, ऑफच्या बाहेरून मिडल स्टंपवर, बॅट्समन हललाच नाही, आणि मागून आवाज, अरे जोर लाव, स्पीड पडला. मला थांबून त्या पोराला सांगावंसं वाटलं की बाळा तुझ्या मनगटात जे आहे ते ॲपमध्ये दिसत नाही. ९२ टेस्टमध्ये ३११ आणि २०० वनडेत २८२ विकेट घेणाऱ्या माणसाने आपल्या सगळ्यात चांगल्या वर्षांमध्ये स्पीड कमी करून विकेट वाढवल्या. कोच लोकांनी हे पालकांना समोर बसवून सांगायला पाहिजे, पोरांच्या पाठी आणि खांदे वाचतील.

आणि नाशिकमध्ये आता काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. सत्यजित बच्छाव इथूनच महाराष्ट्राकडून खेळला, रामकृष्ण घोषला चेन्नईने आयपीएलला घेतलं, सिन्नरच्या माया सोनवणेची लेगस्पिन देशाने बघितली, आपल्या कान्हेरे मैदानावर रणजीच्या मॅचेस होतात आणि लोक गर्दी करतात. रस्ता तयार होतोय. पण तो नाशिक शहरात. निफाड, येवला, मनमाड, इकडे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, इथल्या पोराला आजही टेनिस बॉलच्या नाइट टुर्नामेंट भरपूर आणि लेदर बॉलची एक धड विकेट नाही. तालुक्याला एक टर्फ विकेट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक बॉलिंग कोच, एवढंच मागणं आहे माझं. स्टेडियम नको, गॅलरी नको.

त्याची शेवटची टेस्ट फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन. न्यूझीलंडच्या मॅक्युलमने ३०२ मारले ती. वय ३५, खांदे गेलेले, आणि त्या इनिंगमध्ये ह्या माणसाने ५१ ओव्हर टाकल्या. १७० रन देऊन ५ विकेट. ऑक्टोबर २०१५ ला रिटायर झाला, मैदानावरचा निरोपाचा सोहळा वगैरे काही मिळाला नाही. २०२० मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा फार बरं वाटलं.

श्रीरामपूरकडचं कुणी हे वाचत असेल, किंवा तिकडे ज्यांचं सासर-माहेर आहे, शाळेत त्याच्या वर्गात असलेलं कुणी, तर कमेंटमध्ये लिहा की तो तिथे कुठल्या मैदानावर खेळायचा आणि आज त्या मैदानाची अवस्था काय आहे. फोटो असेल तर नक्की टाका.