स्क्रिप्ट दहा डॉलरला द्या आणि निश्चिंत व्हा

हॉलिवूडमध्ये जाऊन विनोदी चित्रपट लिहायचे आणि वर दिग्दर्शनही आपणच करायचं, असं तुमच्या मनात आहे म्हणे. उत्तम. यासाठी कुठला कोर्स लावू नका, फी वाया जाईल. प्रेस्टन स्टर्जेस नावाच्या गृहस्थाने (1898–1959) ही वाट आधीच मळून ठेवली आहे. त्याने जे केलं ते त्याच क्रमाने करत जायचं. मध्येच स्वतःची अक्कल चालवू नका. अक्कल त्याच्याकडेही रग्गड होती.

सुरुवात आईच्या निवडीपासून करायची आहे, त्यामुळे तुम्हाला जरा उशीर झालाय. स्टर्जेसच्या आईने नवरे बदलले, देश बदलले आणि नर्तकी इसाडोरा डंकनशी जिवाभावाची मैत्री केली. पोरगं कधी शिकागोत शेअर दलाल असलेल्या सावत्र वडिलांकडे, तर कधी फ्रान्समध्ये कलावंतांच्या गोतावळ्यात. 1927 साली नीसमध्ये इसाडोराची रेशमी शाल मोटारीच्या चाकात अडकली आणि गळा आवळून ती गेली. ती शाल भेट दिली होती स्टर्जेसच्या मातोश्रींनी. अशा घरातल्या मुलाला माणसांचं हसं कसं होतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुमच्या आई बँकेतून वेळेवर घरी येत असतील आणि डब्यात रोज पोळी-भाजी देत असतील, तर मूळ भांडवलातच खोट आहे.

त्यानंतर आईच्या सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात काम करा आणि चुंबनाने न पुसणारी लिपस्टिक शोधून काढा. थट्टा नाही, त्याने खरंच काढली. तिशी उलटेपर्यंत नाव होण्याची घाई नको. मग 1929 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक नाटक तुफान चालवा आणि हॉलिवूडची गाडी पकडा.

तिथे गेल्यावर कळेल की लेखक ही वस्तू डझनावारी मिळते. एकाने गोष्ट रचायची, दुसऱ्याने संवाद लिहायचे, तिसऱ्याने दुसऱ्याचे संवाद ‘सुधारायचे’ आणि चौथ्याला आधीचे तिघे कोण हे ठाऊकही नसायचं. स्टर्जेसने 1933 मध्ये एक अख्खी पटकथा एकट्याने लिहून फॉक्स स्टुडिओला विकली, आणि वर मिळकतीत टक्केवारी घेतली. एवढं झालं तरी दिग्दर्शन दुसऱ्याचंच. पुढची काही वर्षं त्याने लिहायचं, दुसऱ्यांनी बिघडवायचं आणि त्याने कोपऱ्यात उभं राहून दात-ओठ खायचे, असा क्रम चालला.

इथे खरी किल्ली आहे, नीट ऐका. पॅरामाउंटला त्याने आपली आवडती पटकथा दहा डॉलरला दिली. अट एकच, दिग्दर्शन मी करणार. यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. महागड्या स्क्रिप्टला स्टुडिओ जपतो, म्हणून ती तिच्या लेखकाच्या हाती कशी द्यायची? फुकटात पडलेल्या मालाचं काही का होईना. स्वतःची किंमत शून्यावर आणली की माणूस बिनधोक ठरतो. आपल्याकडे ‘मानधनाचं नंतर बघू’ म्हणणारे निर्माते पुष्कळ आहेत, पण ते दिग्दर्शन देत नाहीत. फरक तेवढाच.

त्यातून 1940 साली ‘द ग्रेट मॅगिन्टी’ निघाला. एक भणंग माणूस पैशांसाठी एकाच निवडणुकीत सदतीस वेळा मतदान करतो. त्याची ही निष्ठा पाहून राजकीय दादा त्याला वर चढवतो, तो पुढे राज्यपाल होतो आणि आयुष्यात एकदाच, मिनिटभर प्रामाणिकपणाचा झटका आल्यामुळे कायमचा बुडतो. ही अमेरिकेची गोष्ट आहे. आपल्याकडे असलं काही होत नाही, हे वेगळं सांगायला नको. मूळ पटकथेसाठीचं ऑस्कर त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते या सिनेमाला मिळालं. ते घ्यायला गेल्यावर त्याने ‘स्टर्जेस भावनावश झाल्यामुळे येऊ शकले नाहीत, त्यांच्या वतीने मी आलोय’ असा विनोद केला, असं सांगतात. कुणीही हसलं नाही. लेखकाचं तोंड ओळखीचं असतं कुणाला? सगळ्यांना ते खरंच वाटलं. तेव्हा पुरस्कार घेताना आधी आपलं नाव सांगावं.

पुढची चार-पाच वर्षं तुमची चंगळ आहे. स्टर्जेसचे आठ चित्रपट 1940 ते 1944 मध्ये आले. तो लिहीत नसे, सांगत असे. येरझाऱ्या घालत सगळ्या भूमिका स्वतः करून दाखवायच्या आणि टंकलेखकाने टाइप करायचं. म्हणून तर त्याच्या सिनेमात दोन ओळींचा हमालसुद्धा स्वतःच्या ढंगात बोलतो. छोट्या भूमिकांसाठी तीच ती नटमंडळी घ्यायचा आणि स्टुडिओने नाक मुरडलं की म्हणायचा, यांच्या जिवावर आधीचे सिनेमे चालले, पुढच्यावर त्यांचा हक्क आहे. हा सल्ला मात्र पाळू नका. उपकार लक्षात ठेवणारा दिग्दर्शक प्रॉडक्शनला परवडत नाही.

‘द लेडी ईव्ह’ (1941) एकदा बघून घ्या. हेन्री फोंडाला गंडवू पाहणारी बार्बरा स्टॅनविक त्याच्या प्रेमात पडते, आणि तिचा धंदा कळल्यावर तो तिला झिडकारतो. मग ती इंग्रज सरदारकन्या बनून थेट त्याच्याच घरच्या मेजवानीला येते. वेषांतर नाही, केस रंगवलेले नाहीत, तोच चेहरा. फोंडाचं म्हणणं, तीच असती तर काहीतरी बदल करून नसती का आली? इतकी हुबेहूब आहे म्हणजे नक्कीच दुसरी! तिच्याकडे बघत चालताना तो सोफ्यावरून आडवा होतो, पडदा ओढून अंगावर घेतो, पुन्हा कपडे बदलून येतो, पुन्हा काहीतरी सांडून घेतो. शिकलेला माणूस तर्काच्या आधाराने किती गाढव होऊ शकतो, हे एवढ्या प्रेमाने फार कमी जणांनी दाखवलंय. (इथे मी उपरोध करत नाहीये.)

सेन्सॉरचेही आभार माना. त्या काळी हेज ऑफिस, म्हणजे हॉलिवूडची सेन्सॉर कचेरी, नवरा-बायकोच्या पलंगांमधलं अंतरसुद्धा बघायचं. अशात स्टर्जेसने ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’ची नायिका सैनिकांच्या निरोपाच्या पार्टीला पाठवली. रात्रीत तिचं लग्न होतं, दिवस जातात, पण नवरा कोण ते काही केल्या आठवत नाही. ‘लग्न झालंय ना, मग तक्रार कसली,’ असा हा सेन्सॉरचा बंदोबस्त. शेवटी तिला एकदम सहा मुलगे होतात आणि देशाचा ऊर भरून येतो. मोकळीक असती तर तिने सरळ एका मुलाला जन्म दिला असता आणि आपण तो सिनेमा विसरलो असतो. याच चित्रपटाला आणि ‘हेल द कॉन्करिंग हिरो’ला एकाच वर्षी पटकथेचं नामांकन मिळालं. त्याने दोन्ही घालवली.

आता बुडायची तयारी करू. पैसा खुळखुळायला लागला की लगेच हॉटेल काढा. स्टर्जेसने सनसेट बुलेव्हार्डवर ‘द प्लेयर्स’ काढलं. तीन मजले, नामांकित गिऱ्हाइकं आणि गल्ल्यात खडखडाट. तोटा होतोय म्हटल्यावर त्याने तिथे नाट्यगृहही बांधलं. जोडीला डिझेल इंजिनांचा कारखाना होताच. एकाच खड्ड्यात सगळे पैसे घालू नयेत, म्हणून दोन खड्डे.

मग पॅरामाउंटचा निर्मितीप्रमुख बडी डिसिल्व्हाशी भांडा. त्याने स्टर्जेसच्या भूल देण्याच्या शोधावरच्या चित्रपटाची मोडतोड केली, तो ‘द ग्रेट मोमेंट’ नावाने आला आणि पडला. अपमान झाला की बाहेर पडा आणि ‘तुला हवं ते कर, मी ढवळाढवळ करणार नाही’ म्हणणारा धनाढ्य मालक गाठा. स्टर्जेसला हॉवर्ड ह्यूज भेटला. त्याने मूकपटांतला निवृत्त विनोदवीर हॅरॉल्ड लॉइडला परत आणलं, सिंहासकट उंच इमारतीच्या कडेवर चढवलं आणि 1947 मध्ये सिनेमा लावला. तोवर ह्यूजशी भागीदारी मोडली होती. ह्यूजने तो मागे घेतला, कापला आणि 1950 मध्ये दुसऱ्या नावाने आणला. डिसिल्व्हाशी निदान भांडता येत होतं. ज्याने सगळंच कबूल केलंय त्याच्याशी भांडायचं कशावरून?

त्यानंतर फॉक्समधले दोन सिनेमे आपटले, 1953 मध्ये हॉटेल गेलं, मुक्काम पॅरिसला हलला. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्गोंक्विन हॉटेलात तो गेला, तेव्हा आत्मचरित्र लिहीत होता. त्यासाठी योजलेलं नाव, ‘माझ्या मृत्यूला कारणीभूत झालेल्या घटना’ अशा अर्थाचं. डेडलाइन पाळणारे लेखक दुर्मिळ असतात.

एक राहिलंच. विनोद करून नाव झालं की तुम्हाला गंभीर व्हावंसं वाटेल. हसवणाऱ्याला आपल्याकडेही तो रडेपर्यंत नट मानत नाहीत. स्टर्जेसने या आजारावरच ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ काढला. विनोदी सिनेमांचा यशस्वी दिग्दर्शक सलिव्हन, त्याला गरिबीवर ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ नावाचा महान चित्रपट काढायचाय. म्हणून खिशात दहा सेंट टाकून, भिकाऱ्याचे कपडे घालून तो दुःख शोधायला निघतो, आणि मागून स्टुडिओची बस येते. बसमध्ये डॉक्टर, स्वयंपाकी, प्रसिद्धीवाले. पुढे खरोखरीच बेड्या पडल्यावर तो कैद्यांबरोबर प्लूटो कुत्र्याचं कार्टून बघतो आणि पोट धरून हसतो. गंभीर चित्रपट राहतो तो राहतोच. सलिव्हनने न काढलेला तो सिनेमा 2000 साली दिग्दर्शक कोएन बंधूंनी त्याच नावाने काढला, विनोदी. तेव्हा तुमच्या डोक्यातल्या महान गंभीर चित्रपटाचं नाव तेवढं आजच चांगलं ठरवून ठेवा. पुढे कुणाच्या तरी कॉमेडीला उपयोगी पडेल.