सेलफिश ताशी 110 किमी पळतो म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. निळाशार मासा, पाठीवर पंख्यासारखा मोठा पडदा, आणि खाली लिहिलेलं की हा सेलफिश, ताशी 110 किमी, चित्त्याला पण मागे टाकतो, भाल्यासारखी चोच शिकारीत आरपार खुपसतो, शिडात वारा भरून पळतो आणि खोल अंधाऱ्या समुद्रात राहतो. यावेळी मामांनी टाकला. लगेच पंधरा अंगठे.

आधी तो 110. हा आकडा आला फ्लोरिडातल्या लाँग की नावाच्या फिशिंग कॅम्पवरून, आणि तो कॅम्प 1935 च्या वादळात वाहूनही गेला, म्हणजे किती जुनी गोष्ट बघा. गळाला लागलेल्या सेलफिशने 3 सेकंदांत 91 मीटर दोरी ओढली, कुणीतरी स्टॉपवॉच धरलं होतं, भागाकार केला, झाले 109 किमी. अहो पण गळाला लागलेला मासा बिथरून पाण्याबाहेर उड्या मारत असतो, हवेत पाण्याचा अडथळा नसतोच, आणि रिळावरून सुटलेली दोरी म्हणजे माशाने पोहून कापलेलं अंतर असं थोडंच आहे?

मामा, हिशोब घरीच करून बघा. 2 मीटरचा मासा शेपटीच्या एका पूर्ण फटक्यात समजा 1.4 मीटर पुढे जातो. 110 किमी म्हणजे सेकंदाला साधारण 30 मीटर, म्हणजे सेकंदाला 21-22 फटके, एवढ्या मोठ्या माशाचे स्नायू एवढ्या झपाट्याने आकसून सैल होऊच शकत नाहीत. 2016 मध्ये संशोधकांनी नेमकं हेच मोजलं, स्नायू आकसायला किती वेळ लागतो ते, आणि उत्तर आलं सेकंदाला 8 मीटरच्या थोडं वर, ताशी 30 किमी. त्याआधी 2015 मध्ये शिकार करणाऱ्या सेलफिशना सेन्सर लावून आणि हाय-स्पीड व्हिडिओ काढून मोजलं होतं, तेव्हाही जवळपास तेच. 30 चे 110 करायचे तर ताकद पावणेचार पट नाही, जवळपास 50 पट लागेल, कारण पाण्यात वेग वाढला की खर्च घनाच्या हिशोबाने चढतो. शिवाय सेकंदाला 10-15 मीटरच्या पुढे शेपटीपाशी पाण्यात बुडबुडे होऊन फुटायला लागतात, ते वेगळंच.

भोसकणं तर उलटंच आहे. मेक्सिकोजवळ हे मासे जमून सार्डिनच्या, म्हणजे छोट्या माशांच्या, थव्याला वर ढकलतात आणि आळीपाळीने हल्ला करतात. एक जण हळूच चोच थव्यात सरकवतो, इतकी हळू की सार्डिन दचकत पण नाहीत, मग एकदम आडवा सपकारा, नाहीतर एकाच माशाला नुसती टिचकी. खवले उडतात, जखमी सार्डिन मागे पडतो, तो गिळायचा. मला विचाराल तर खरी कमाल ही आहे, वेगाची बढाई कशाला मारायची?

शीड आणि वारा? काहीतरीच. जोरात पोहताना तो पडदा पाठीवरच्या खाचेत मिटलेला असतो, आणि चोच थव्यात घालताना उघडतो, म्हणजे अंग डुलत नाही.

आणि खोल अंधारात नाही हो, वरच्या उबदार थरात राहतो, मधेच खाली बुडी मारून येतो तेवढंच. अरबी समुद्रात खाली लगेच ऑक्सिजन कमी असलेला थर लागतो, तिथे याला जास्त वेळ निभणार नाही. आपल्या बोटींच्या ट्यूनाच्या जाळ्यांत तो येतो तो याच वरच्या थरामुळे, हिंदी महासागरात सेलफिश सगळ्यात जास्त गिलनेटमध्येच, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या लावलेल्या जाळ्यातच सापडतात. मामा, आता 110 चा आकडा तेवढा डिलीट करा, फोटो राहू दे, फोटो मस्तच आहे.