काहीही न गाळता

आमच्या घरात गाणं पहिल्यापासून होतं. ते किती केबीपीएसचं आहे, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट माहिती वाहून आणतं, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं. यंदाच्या दिवाळीत पुतण्याने विचारलं. तोंडात चकली, नजर माझ्या फोनवर. "काका, तुम्ही हे 96 केबीपीएसवर ऐकता?" लोक ज्या सुरात 'तुम्ही अजून टँकरचं पाणी पिता?' असं विचारतात, अगदी त्या सुरात.

लोकलमध्ये नेट पुरावं म्हणून कधीतरी मीच ते सेटिंग खाली आणलं असणार. पण तेवढ्यावर पुतण्या थांबतो कुठला! त्याने माझा वर्ग घेतला. सीडी 1982 साली बाजारात आली तेव्हा सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप घ्यायचं ठरलेलं होतं. प्रत्येक माप 16 बिटांचं, डावं-उजवं धरून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला 14,11,200 बिट. म्हणजे 1411 केबीपीएस. "आणि तुम्ही 96 वर!" माझ्या दहावीच्या टक्क्यांबद्दलही घरात कुणी इतक्या खेदाने बोललं नव्हतं.

मग उरलेल्या गाण्याचं होतं काय? तर एमपी-थ्रीसारख्या 'लॉसी' प्रकारात जे आवाज दुसऱ्या मोठ्या आवाजाखाली झाकले जातात ते गाळून टाकतात. लग्नाच्या निमंत्रणाची यादी छाटतो तसं. कुणाला नाही बोलावलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, ती नावं आधी. काहीही न गाळणाऱ्या 'लॉसलेस' प्रकारात यादी तीच, फक्त सगळ्यांना एकाच ट्रॅव्हल्समध्ये दाटीवाटीने बसवायचं. उतरताना माणसं मोजली तर एकही कमी नाही.

हे ऐकल्यावर मला माझ्याच कानांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात लॉसलेसचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि दोन वायरलेस स्पीकर मागवले. एक हॉलला, एक स्वयंपाकघराला. किंमत बायकोला सांगताना मी थोडी लॉसी केली.

पहिले आठ दिवस स्वर्ग. येईल त्याला सोफ्यावर मध्यभागी बसवून मी म्हणायचो, "तबल्याची शाई ऐकू येते बघा." समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, "हो, हो." ते चहाची वाट बघत होते. नवव्या दिवशी पुतण्या आला, त्याने फोनवरचं निळं चिन्ह पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मी सगळं ब्लूटूथवर ऐकत होतो! स्क्रीनवर 'लॉसलेस' लिहिलेलं असतं ते फोनपर्यंत पोचलेल्या गाण्याबद्दल. फोनपासून स्पीकरपर्यंतच्या त्या सहा फुटांत ब्लूटूथ ते पुन्हा दाबतं, पुन्हा गाळतं. म्हणजे देवगडहून हापूसची पेटी गवतात नीट निगुतीने वाशी मार्केटपर्यंत आणायची, आणि वाशी ते ठाणे त्याचा आमरस करून पिशवीतून न्यायचा. वर लोकांना सांगायचं, 'आंबा बघा कसा अख्खा आहे!'

उपाय होता वायफाय. त्यात गाणं फोनमधून जातच नाही. स्पीकर स्वतः इंटरनेटवरून उचलतो, फोन नुसता रिमोट. ऐकायला सोपं. पण आमचा राउटर चपलांच्या कपाटावर आहे, कारण फायबर लावणाऱ्या मुलाची वायर तिथे संपली. त्याचा मूळ पासवर्ड खालच्या स्टिकरवर. रात्री साडेदहाला मी दाराशी उकिडवा, एका हातात उलटा धरलेला राउटर, दुसऱ्या हातात टॉर्च, चष्मा कपाळावर. "हे शून्य आहे की ओ?" पुतण्या हॉलमधून ओरडतोय, "काका, वायर ओढू नका!" तेवढ्यात वायर निघाली. आतल्या खोलीत बायकोची सिरियल ऐन वाड्याच्या वाटणीवर गोल गोल फिरत थांबली. पुढची पाच मिनिटं घरात जे काही ऐकू आलं, ते संपूर्ण लॉसलेस होतं.

राउटरची नावं दोन, एक 2.4 गिगाहर्ट्झचं आणि एक 5 चं. आमचे स्पीकर फक्त 2.4 ओळखतात. मायक्रोवेव्हही त्याच 2.4 वर चालतो. त्यामुळे कुणी वरण गरम करायला ठेवलं की स्वयंपाकघरातला गवई समेवर येण्याआधीच गप्प. टिंग वाजली की पुन्हा सुरू. "ह्यांना वरणाचा वास आला की गाणं सुचत नाही वाटतं," आई म्हणाली. भर म्हणून आमच्या मजल्यावर माझा फोन एकूण तेवीस वायफाय दाखवतो, आणि भिंती काँक्रीटच्या. घोडबंदर रोडला बिल्डर बाकी कशात काटकसर करोत, भिंतीतल्या सळईत केलेली नाही.

अखेर एका रविवारी सगळं जुळलं. वायफाय चालू, मायक्रोवेव्ह बंद, 1411 पुरेपूर. मी डोळे मिटले आणि खिडकीतून घोडबंदर रोड आत आला. न्हावा शेवाकडून गुजरातला निघालेले कंटेनर, मेट्रोच्या खांबांखाली अडकलेली बस, रिक्षावाल्याने बसला उद्देशून वाजवलेला हॉर्न, बसने दिलेलं उत्तर. खिडकी लावली तर पंखा ऐकू आला. पंखा बंद केला तर घाम आला. घाम येऊनही नेटाने बसलो तर वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. आमच्या बिल्डिंगला ताबा मिळून नऊ वर्षं झाली, पण कुणाचं ना कुणाचं फर्निचर अजून चालूच आहे.

पुतण्याने शास्त्र सांगितलं. 16 बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात 96 डेसिबलचं अंतर मावतं, 24 बिटांत 144 चं. ह्यातला हळू भाग ऐकायला खोली शांत हवी. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात हळू आवाज म्हणजे चटणी वाटतानाचा मिक्सर, कारण त्या वेळी बायको बोलत नसते. (हे वाक्य तिने वाचलंय. ठेवायला परवानगी आहे, पण चटणी आता मी वाटायची.)

"आधी तुमचे कान तपासू," पुतण्या म्हणाला. एका ॲपवर तो शिटी चढवत नेऊ लागला. माणसाला 20 हर्ट्झपासून 20,000 पर्यंत ऐकू येतं असं शाळेत शिकलो होतो, पण ते तरुण माणसाचं. वय वाढलं की वरची पट्टी आधी जाते. मी 54 चा. बारा हजारांच्या आसपास म्हटलं, "बंद केलंस का रे?" तो म्हणाला, "वाजतंय अजून." बायको आतून म्हणाली, "त्यांना एक हजारावर मारलेली हाकसुद्धा ऐकू येत नाही, बारा हजारांचं काय घेऊन बसलास!"

तरी मी हटलो नाही. मग परीक्षा झाली. तेच गाणं, एकदा 320 केबीपीएसच्या लॉसीवर, एकदा लॉसलेस, मी पाठमोरा बसून ओळखायचं, असं दहा वेळा. मी प्रत्येक वेळी मान हलवून, क्षणभर थांबून, अत्यंत जाणकारपणे उत्तर दिलं. चार बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पाच तरी आली असती. पुतण्याने स्वतः दिली तेव्हा त्याची सहा आली, आणि त्यावर तो दिवसभर मिरवत होता.

ह्या सगळ्या वेळात आई खुर्चीत वाटाणे सोलत बसली होती. तिला विचारलं, काय लावू? तिने तिच्या माहेरी ग्रामोफोनवर असलेलं एक नाट्यगीत सांगितलं. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. ते चक्क सापडलं, तेही लॉसलेसमध्ये. सुरुवातीची खरखर तर इतकी स्पष्ट की पापड भाजल्यासारखी. पुतण्या खूश झाला. आई ऐकत होती, हात वाटाण्यांवर चालू. अंतऱ्यात एका जागी तिने मान वर केली.

"इथे गाळलंय काहीतरी."

"आजी, लॉसलेस आहे हे. काही गाळत नाहीत."

"मला सांगू नकोस. ही ओळ दोनदा आहे."

आम्ही पुन्हा लावलं. ओळ एकदाच. तिसऱ्यांदा लावलं, तरी एकदाच. मग तिला आठवलं. मामाच्या हातून तबकडी पडली होती, त्या जागी चरा गेला होता आणि सुई तिथून मागे उडी मारायची. साठ वर्षं ती ते गाणं तसंच म्हणत आली आहे.

पुतण्या फोनमध्ये डोकं घालून सेटिंग बघत होता. आईने वाटाण्याचं ताट बाजूला सरकवलं, गाणं त्या जागी आलं तसं तिने हात वर करून स्पीकरला थांबायची खूण केली आणि ती ओळ दुसऱ्यांदा स्वतः म्हटली. गवई तोवर पुढे निघून गेला होता.

"बघ," ती म्हणाली, "ह्याची लयच चुकली."