सात टक्के शब्द आणि सहा महिन्यांचा खोटा अनुभव

'पहिल्या मुलाखतीचे दहा मंत्र' हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. फिरू दे, म्हणून सोडून दिला होता. पण त्यातला चौथा मंत्र वाचून भाचीने विचारलं, "मावशी, कुणाकडून तरी अनुभवाचा दाखला आणू का?" मग गप्प बसवेना. पोरगी बी.कॉम. झालीय, खेडजवळच्या लोट्याच्या एमआयडीसीत अकाउंट्सची मुलाखत आहे. मी त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत एचआरला आहे. उमेदवारांचे कागद रोज हातातून जातात.

पहिला मंत्र: 'शब्दांना ७ टक्के, आवाजाला ३८ टक्के, देहबोलीला ५५ टक्के महत्त्व. विज्ञानाने सिद्ध.' हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं. भावना आणि आवडीनिवडीविषयीचं बोलणं सोडून इतरत्र हे समीकरण लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. जीएसटीतलं इनपुट क्रेडिट म्हणजे काय, असं विचारल्यावर ५५ टक्के मार्क ताठ बसण्याला कोण देणार? ताठ बसावं हे खरं. ते आईही सांगते, त्याला विज्ञान कशाला.

आता तो चौथा: 'फ्रेशर असाल तर सहा महिन्यांचा अनुभव दाखवा. छोट्या फर्मचा दाखला चालतो, कोणी तपासत नाही.' लिहिणाऱ्याने एवढी हुशारी केलीय की मोठ्या कंपनीचं नाव घेऊ नका म्हणतो. रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ मध्ये आधी सभासद होता का, हे लिहून द्यावं लागतं; मोठ्या कंपनीचं नाव घेतलं आणि पीएफच नसला तर खोटं उघडं पडतं. वीसपेक्षा कमी माणसांच्या फर्मला पीएफ सहसा लागू नसतो, म्हणून तिथे पकडले जाणार नाही हा हिशोब. पण आम्ही फोन करतो हो! एका मुलाच्या दाखल्यावर फर्मचा म्हणून जो मोबाइल नंबर होता, तोच अर्जात वडिलांचा नंबर म्हणून होता. आणि फोन नाही केला तरी 'तिथे वहीची बँकेच्या खात्याशी जुळवणी महिन्यातून कितीदा व्हायची? फरक आला तर काय करायचात?' एवढं विचारलं की पुरतं. कधी बसलाच नाही तो माणूस तिथेच अडकतो. अनुभव नाही म्हणून फ्रेशरला आम्ही परत पाठवत नाही. फ्रेशरच बोलावलेला असतो. खोटा कागद आणला की मात्र फाइल तिथेच बंद.

आणि माझ्या भाचीने अर्जात काय लिहिलं होतं? 'अनुभव: निरंक.' दर उन्हाळ्यात मामाच्या आंब्याचा हिशोब हीच बघते. चार डझनी पेट्या किती, पाच डझनी किती, कुठल्या गाडीने वाशीच्या बाजारात गेल्या, हे वहीत. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की भाडं, हमाली कापून रक्कम बरोबर लागते का, हे ताडून बघणं हिचंच काम. एकदा पट्टीत पेट्याच कमी लागल्या होत्या, ते हिनेच गाडीच्या पावतीवरून पकडलं. हेच सांग म्हटलं, ह्याच शब्दांत. वही घेऊन जा.

बाकीचे मंत्र भराभर. 'फक्त इंग्रजीतच बोला': अकाउंट्समध्ये इंग्रजी ईमेल वाचता-लिहिता यायला हवं, पण मराठीत विचारलेल्याला मराठीत उत्तर दिलं तर चालतं. 'कमकुवत बाजू विचारली तर मी फार परफेक्शनिस्ट आहे म्हणा': हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. 'नोकरी पक्की करायला डिपॉझिट मागितलं तर कचरू नका': मुलाखतीसाठी पैसे मागणाऱ्याकडे नोकरी नसते, फोन ठेवा.

'तासभर आधी पोचा' हे मात्र बरोबर, कबूल करते. पावसाळ्यात तर तासही पुरत नाही. जगबुडी नदी चढली किंवा परशुराम घाटात दरड आली की एसटीचा भरवसा नाही. अडकलात तर लगेच कंपनीत फोन करा, उद्या कारण सांगू नका.

दहावा: 'शेवटी काही विचारायचंय का म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.' का म्हणून? सुट्टी कुठल्या वारी, महिनाअखेरीला किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, कंपनीची बस खेडात आत येते की भरणे नाक्यावरच सोडते, हे तिथेच विचारायचं.